दवाखान्याच्या दारावरचा वाघ

मी हिलाल पेंटरची काठी बोलतेय. काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एखादा गुराखी नाहीतर छडीवाले मास्तर उभे राहिले असतील. त्यांच्या काठ्यांशी माझं काही नातं नाही. पाटी रंगवताना ओल्या रंगाला तळहात लागू नये म्हणून पेंटर डाव्या हातात एक काठी आडवी धरतो. तिचं कापडाचं बोंडूक पाटीच्या कडेला टेकवतो आणि तिच्यावर उजवा हात ठेवून अक्षर काढतो. ती काठी म्हणजे मी. लोक पाटी बघून ब्रशचं कौतुक करतात, रंगाचं करतात, पेंटरचं तर करतातच. माझं नाव कुणी काढत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

माझा जन्म सातपुड्यातल्या एका बांबूच्या बेटात झाला. एकोणीसशे एक्कावन्न साली मी तळोद्याच्या बाजारात एका मोळीत पडून होते. हिलालची आधीची काठी वाळवीने खाल्ली होती, म्हणून तो नवी शोधत होता. एकेक बांबू उचलायचा, एक डोळा मिटून दुसऱ्याने त्याच्या टोकापासून टोकापर्यंत बघायचा आणि परत ठेवायचा. असे त्याने तीस-चाळीस तरी बघितले. शेवटी विकणारा वैतागला.

"काय भाऊ, बंदूक करनी शे का?"

हिलाल हसला आणि मला उचललं. एवढ्या बांबूंत सरळ मी एकटीच होते, हे मी आजही कुणाला सांगायला लाजत नाही.

घरी त्याच्या बायकोने, धनुबाईने, माझ्या टोकाला त्या वर्षीच्या वेचणीचा कापूस गुंडाळला आणि वरून जुन्या अंजिरी लुगड्याचा तुकडा घट्ट बांधला. बांधताना म्हणाली, "आते तुम्हना हात हालाव नही." हिलालचा हात तसाही हलत नसे. पण बायकोने केलेलं कौतुक कुणाला आवडत नाही?

हिलालचं दुकान शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाकडं. बाप शेतकरी. पोराने नांगर सोडून ब्रश धरला म्हणून बाप वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता. हिलाल तरुणपणी धुळ्याला एका पेंटरकडे दोन वर्षं राहून अक्षर शिकून आला होता. कापसाचे व्यापारी, किराणावाले, शिंपी, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याकडे येत. गुजराती पाटी असली की मला अर्धी सुट्टी, कारण त्या अक्षरांना वरची रेघ नाही. मराठी पाटी आली की माझी परीक्षा. ती वरची रेघ हिलाल श्वास रोखून एका दमात ओढायचा आणि तेवढा वेळ मीही जीव मुठीत धरून असायचे. रेघ पूर्ण झाली की दोघेही सुटायचो.

खरं सांगते, त्या दिवसांत आम्हा दोघांना थोडी घमेंड होती. पाटी वाचून गिऱ्हाईक कुठे पोहोचतं, याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. अक्षर देखणं आलं की आमचं काम संपलं.

ती घमेंड धनुबाईने उतरवली.

चौपन्न सालची गोष्ट. तिचं माहेर तापीकाठी, प्रकाशा या देवळांच्या गावाजवळ. भावाच्या मुलाचं बारसं होतं. हिलालला काम होतं म्हणून ती एकटीच निघाली आणि संध्याकाळी रडवेली होऊन परत आली. चुकीच्या गाडीत बसून ती उलट्या दिशेला, पार खेतियाला जाऊन पोचली होती. बारसं राहिलं. भावासाठी नेलेल्या पुरणपोळ्या तशाच फडक्यात होत्या.

"अवं, तठे पाटी शे ना इतली मोठी," हिलाल म्हणाला.

धनुबाईने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हनी लिखेल पाटीखालेच उभी व्हती मी. मले वाचता येस नही, हाई तुमले आज कळनं का?"

स्टँडवरच्या त्या पाट्या आम्हीच रंगवल्या होत्या. पिवळ्यावर काळं अक्षर, खाली बारीक तांबडी सावली. हिलालने फडकं सोडलं. त्याने त्या थंड पुरणपोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात मला हातात घेऊन तो बराच वेळ स्टँडकडे बघत बसला. किती माणसं पाटीकडे न बघता शेजारच्याला विचारतात, ते तो मोजत होता. मला तेव्हा त्याचा राग आला. वाटलं, काम सोडून हे काय चाललंय?

पुढे सत्तावन्न सालच्या निवडणुकीत आम्ही गावोगावच्या भिंतींवर उमेदवारांच्या खुणा रंगवल्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याची खूण. मतदान करून आल्यावर धनुबाई तोऱ्यात म्हणाली, "मी कोणले ईचारं नही. चित्र दखं आनि पेटी वळखी." हिलालने जेवताजेवता हात थांबवला. त्याच आठवड्यात परवानगी घेऊन त्याने स्टँडवरच्या प्रत्येक पाटीखाली एकेक चित्र काढलं. प्रकाशासाठी देवळाचं शिखर, तळोद्यासाठी डोंगर, खेतियासाठी मिरच्यांची रास. प्रत्येक चित्र आधी पाटीवर खडूने काढून तो धनुबाईला विचारायचा, "हाई काय शे?" ती बरोबर बोलली तर रंग, नाहीतर पुसून पुन्हा. ती फार कडक मास्तरीण होती. डोंगर तिने तीनदा नापास केला. म्हणाली, "डोंगर नही शे हाई, उंटनी पाठ शे."

अक्षरांवर माया करणारा माझा धनी चित्रांत रमला, याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं. पण एक बाई गाडीत चढताना देवळाच्या चित्राकडे बोट दाखवून आपल्या पोराला म्हणाली, "हाई आपली." ते ऐकून मला जे सुख झालं, ते कुठल्याच रेघेने दिलं नव्हतं.

स्टँडवरची ती चित्रं बघून एक डॉक्टर दुकानात आले. तळोद्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं एक गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढची चूक त्या गावाची नव्हती, आमची होती. तिथे नवा दवाखाना निघाला होता. डॉक्टर म्हणाले, "दहा माणसांत एकालाही वाचता येत नाही. कुणी औषधाला येतं आणि मलमपट्टीच्या खोलीत बसून राहतं. बाळंतपणाची वेगळी खोली केलीय, तिच्यात तर कधीतरी एखादीच येते. डोंगरात बाया बाळंतपणात दगावतात हो, पेंटर. तुम्ही काहीतरी करा."

हिलाल त्या दिवशी घरी आला तो हरखलेला. औषधाच्या खिडकीवर बाटली, मलमपट्टीच्या दारावर फडकं बांधलेला पाय, हे पटकन ठरलं. बाळंतिणीच्या खोलीसाठी त्याने पाळणा काढला, तर धनुबाईने कपाळाला हात लावला. "पोर व्हवाना पहिले पाळणा टांगतस का? अपशकुन शे." मग ती विचार करून म्हणाली, "वाघ काढा. आपण म्हनतस ना, वाघना मायक आंडोर व्हवो." वाघासारखा मुलगा होवो, हा आमच्याकडचा आशीर्वादच.

वाघ! हिलालला आणखी काय हवं होतं? एकोणसाठच्या दिवाळीनंतर आम्ही तीन दिवस त्या भिंतीशी होतो. पट्टा न् पट्टा माझ्यावर हात टेकून काढला. वाघ दाराच्या वर, ऐसपैस बसलेला. डोळे असे जमले की तिसऱ्या दिवशी मलाच त्याच्यासमोरून हलायला नको वाटे. उभ्या जन्मात आम्ही इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा तिथे गेलो, आवाराच्या फाटकावर एक पाटी रंगवायची होती. बाजाराचा दिवस होता. बघतो तर वाघाखाली शेंदूर लावलेला, उंबऱ्याशी ज्वारीचे दाणे, मोहाची सुकी फुलं, एक नारळ. हिलालचा चेहरा उजळला. आपलं चित्र लोकांना एवढं आवडलं, असंच त्याला वाटलं. मी तर बांबूच, तरी फुगले.

तेवढ्यात नर्स सरलाबाई बाहेर आल्या. नाशिककडच्या, बोलायला स्पष्ट. "पेंटर, तुमचा वाघ फार छान आहे हो. पण माझी खोली रिकामी पडलीय. वाघ आल्यापासून एकही बाळंतीण आत आलेली नाही. दारापर्यंत येतात, नमस्कार करतात आणि परत जातात. का, ते कुणी सांगत नाही."

हिलालला काही उमगेना. तो फाटकापाशी कामाला लागला. दुपारच्या सुमारास डोंगराकडून दोघी आल्या. पुढे दिवलीबाई, गावोगाव सुईणपण करणारी म्हातारी, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून तिची सून सोनीबाई. सोनीबाईला कळा सुरू होत्या. दिवस भरून गेले होते, मूल आडवं आहे असं दिवलीबाईच्या हाताला लागलं होतं, म्हणून तिने सुनेला एवढ्या लांब चालवत आणलं होतं. दोघी दारापर्यंत आल्या. दिवलीबाईने वर बघितलं, हात जोडले, सुनेला मागे ओढलं आणि आवारातल्या चिंचेखाली नेऊन बसवलं.

सरलाबाईंनी हाका मारल्या. दोघी हलेनात. सोनीबाईने कळ दाबायला ओठ इतका चावला की रक्त आलं. हिलालने ब्रश खाली ठेवला आणि मला हातात घेऊनच तो चिंचेकडे धावला.

"माय, दवाखानाना मजार का जात नही? पोर मरी जाई ना!"

दिवलीबाई बाजाराला येऊन येऊन आमची बोली शिकलेली होती. दबक्या आवाजात म्हणाली, "तठे वाघदेव बठेल शे. अशी येळले बाई देवना म्होरे जास नही. देव कोपी, डोंगर सोडी जाई. मन्ही सून मरी तरी चाली, पन गावले तरास नको."

ते ऐकून मला माझीच लाज वाटली. मी त्याच डोंगरातली ना? आमच्या बेटाच्या खाली वाघदेवाचा दगड होता. पोटुशी बाया त्या दगडाला वळसा घालून लांबच्या वाटेने जायच्या, हे मी लहानपणी रोज बघितलं होतं. हिलालला माहीत नव्हतं, धनुबाईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण वाघाचे पट्टे काढताना मी स्वतःच्या कौतुकात एवढी बुडाले होते की मला काही आठवलं नाही.

हिलालने फाटकासाठी आणलेली चुन्याची बादली उचलली. वाघावर चुना फिरवायचा आणि दार मोकळं करायचं. दिवलीबाई किंचाळली, "देवले चुना फासशी?" हिलालचा हात तिथेच थांबला. आता चित्र त्याचं राहिलं नव्हतं. लोकांनी शेंदूर लावला, दाणे वाहिले, तेव्हाच ते देवाचं झालं होतं.

"दुसरं दार शे का?" त्याने सरलाबाईंना विचारलं.

दार होतं. खोलीच्या मागच्या बाजूला, आतून खोक्यांनी बंद केलेलं. सरलाबाई आणि डॉक्टरांनी खोकी ओढली. पण चिंचेपासून मागच्या दारापर्यंत जायचं तर दवाखान्याला वळसा घालावा लागे आणि सोनीबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हिलाल परपुरुष, तिला हात लावू शकत नव्हता. त्याने माझं एक टोक धरलं आणि दुसरं, ते अंजिरी कापडाचं, तिच्यापुढे केलं.

"धर, माय. जठे काठी जाई तठे ये."

तिने मला धरलं. आजवर मला फक्त हिलालचा सवयीचा हात माहीत होता. तिचा हात भिजलेला होता आणि दर कळेला ती मला इतकी आवळायची की मी मोडेन असं वाटलं. मोडले नाही. भिंतीच्या कोपऱ्यावरून, पाण्याच्या टाकीपासून, अशी आमची तिघांची वरात मागच्या दाराशी पोचली. दिवलीबाई मागून "चाल, चाल" म्हणत होती.

पुढचे तीन तास हिलाल मागच्या पायरीवर मला मांडीवर आडवी घेऊन बसला होता. माझ्या कापडावर सोनीबाईच्या नखांच्या खुणा होत्या, त्यांवरून तो अंगठा फिरवत होता. बाजार उठायच्या आत आतून बाळाचा आवाज आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. डॉक्टर घाम पुसत बाहेर आले आणि हिलालच्या शेजारी बसले. हिलाल मात्र पोरासारखा रडला.

"साहेब," तो म्हणाला, "दोन महिनामा कितल्या बाया परत गयात?"

डॉक्टरांना आकडा माहीत होता, पण त्यांनी सांगितला नाही. परतलेल्यांपैकी एक दगावल्याची बातमी डोंगरातून आलेली होती, हे आम्हाला सरलाबाईंकडून नंतर कळलं. ती बाई हिलालच्या मनातून कधी गेली नाही. माझ्याही नाही.

पुढच्या बाजाराला गावचा पुजारा गोवाल आला. त्याने कोंबडी आणि मोहाच्या दारूची धार देऊन वाघदेवाला त्याच्या जागी, शिवेवरच्या सागाखाली, चलायची विनंती केली. हिलाल उघड्या डोक्याने सगळा वेळ हात जोडून उभा होता. देव गेल्याचं गोवालने सांगितल्यावरच त्याने चुन्याचा कुंचला फिरवला. आमचं सगळ्यात चांगलं काम पांढरं होत गेलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग तो बाजाराला आलेल्या दिवलीबाईसमोर उकिडवा बसला. "आते तू सांग, माय. काय काढू?"

तिला या प्रश्नाचं हसू आलं. म्हणाली, "बाई काढ. बाईले दखीसन बाई मजार जाई."

"तिन्हा हातमा काय देऊ?"

"काहीच नको. हात पुढे ऱ्हाऊ दे. पोटमा दुखस तव्हय बाईले धराले हात लागस."

तिने सांगितलं तसं आम्ही दाराच्या बाजूला, हात पोचेल असं काढलं. डोंगरातल्या बायांसारखं नेसलेली, गळ्यात चांदीची साखळी, दाराशी उभी राहून एक हात पुढे केलेली बाई. हे चित्र धनुबाईला नाही, तिथे बाजाराला आलेल्या बायांना विचारून पास झालं. नाक दोनदा बदलावं लागलं.

त्यानंतर खोली रिकामी राहिली नाही. दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही चित्रं उजळायला जायचो. बाटली तशीच, पाय तसाच, पण बाईच्या हाताची बोटं पार पुसलेली. पहिल्या वर्षी हिलालला वाटलं, रंगात जवसाचं तेल कमी पडलं. सरलाबाई हसल्या. "रंग चांगलाच आहे हो. आत येणारी प्रत्येक जण तिचा हात धरूनच येते." त्या वर्षी आणि पुढच्या प्रत्येक वर्षी हिलालने ती बोटं नव्याने काढली.

आता अडुसष्ट साल चालू आहे. हिलालची साठी जवळ आली आणि त्याचा हात कापायला लागला. यंदा आम्ही गेलो तेव्हा माझ्यावर हात टेकूनही त्याची रेघ सरळ येईना. पायाचं चित्र कसंबसं उजळून तो बाईच्या हातापाशी आला आणि भरलेला ब्रश घेऊन उभा राहिला. मागे एक पोटुशी तरुण बाई येऊन थांबली होती. हा माणूस बाजूला कधी होतोय, याची ती वाट बघत होती. हिलाल सरकला. तिने आपला हात त्या पुसलेल्या हातावर ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि आत गेली.

हिलालने ब्रश फडक्याने पुसला, डब्याचं झाकण लावलं.

"बाई," तो सरलाबाईंना म्हणाला, "हाऊ हात ऱ्हाऊ द्या. याले आते मन्हा रंग नको."

परतताना दवाखान्यापासून गाडीपर्यंत तो माझ्यावर भार टाकून चालला. आता मी रोज तेच काम करते. कापडाचं बोंडूक झिजून गेलंय, धनुबाईने तिथे रबराची टोपी बसवलीय. ब्रश डब्यात वाळून कडक झाले, त्यांची मला दया येते.

तुमच्यापैकी कुणी पाट्या रंगवत असेल, दारांवर, भिंतींवर, रस्त्यांवर खुणा करत असेल, तर या म्हाताऱ्या काठीचं एवढं ऐका. रंग कालवायच्या आधी त्या दाराशी एक दिवस बसा. कोण आत जातंय ते बघाच, पण कोण दारातून परत फिरतंय ते जास्त नीट बघा, आणि तिला जाऊन विचारा. तिच्याइतकं तुमचं काम कुणालाच कळलेलं नसतं.

बरं, येते मी. हिलाल उठून चप्पल शोधतोय. स्टँडवर जाऊन कोण कुठल्या चित्राखाली उभं राहतं, ते बघायला त्याला रोज जायचं असतं, आणि माझ्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.